पोलीस पाटील झालेल्या भाच्यास

गेवराई

चि. भाऊसाहेब यास,

उमापूरच्या पोलीस पाटीलकीची तुझी ऑर्डर निघाल्याचं अक्कानं फोनवर सांगितलं आणि मागोमाग तुझा मेसेज आला, की मामा, अतिरेक्यांचे झेंडे आणि निशाण्या ओळखायचा एखादा तक्ता असला तर पाठवा. तक्ता माझ्याकडं नाही, आणि असता तरी पाठवला नसता. तक्ता भिंतीला लागला की माणूस कापडाकडंच बघत बसतो, कापड लावणाराकडं बघायचं राहून जातं.

आपल्याच तालुक्यातलं बघ. 30 मार्च 2025, पाडव्याची पहाट, दुसऱ्या दिवशी ईद. अर्धा मसला गावातल्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. नशीब, कुणाला इजा झाली नाही. दोघांना काही तासांत पकडलं. त्यातल्या एकाचं जिलेटिनच्या कांड्या हातात धरलेलं रील नंतर सगळीकडं फिरलं. विहिरीच्या सुरुंगाला जिलेटिन लागतं, म्हणून आपल्या भागात ते कुणाच्या हातात दिसलं तर कुणी दचकत नाही. स्फोटाआधी ते रील कुणी पाहिलं असेल, तर त्याला ती पोरांची मस्तीच वाटली असणार. तक्त्यात अशी निशाणी कुठून येणार? तुझ्या गावात सुरुंगाचं काम कोण घेतं, त्याचा परवाना कुणाच्या नावावर आहे, उरलेला माल कुठं ठेवतात, हे आधी माहीत करून घे.

दुसरं उदाहरणही इथलंच आहे आणि ते सांगताना काही लोक आवाज खाली आणतात. मी आणत नाही. 26/11 च्या हल्लेखोरांना कराचीत बसून फोनवर हुकूम देणाऱ्यांत ज्याचं नाव आलं तो अबू जुंदाल, म्हणजे जबीउद्दीन अन्सारी, गेवराईचा. मे 2006 मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर शस्त्रांचा साठा सापडला, तेव्हापासून तो फरार होता. 2012 मध्ये सौदी अरबस्तानातून त्याला भारतात आणलं आणि शस्त्रसाठ्याच्या त्या खटल्यात 2016 साली जन्मठेप झाली. ज्यांना खरंच काही घडवायचं असतं ते शक्यतो निशाण मिरवत हिंडत नाहीत. म्हणून गेवराईच्या सगळ्या मुसलमानांकडं त्या नजरेनं बघायचं, तर मग अर्धा मसल्यानंतर सगळ्या हिंदूंकडंही तसंच बघावं लागेल. दोन्ही मूर्खपणाच.

तरी कापडाचं थोडं ज्ञान असावं, निदान अफवा मोडायला. बहुतेक फोन तुला हिरव्या झेंड्याबद्दल येतील. ‘पाकिस्तानचा झेंडा लावलाय!’ तिथं जाऊन काठीकडची बाजू बघ. पाकिस्तानच्या झेंड्यात काठीला लागून पांढरा उभा पट्टा असतो, पाऊण भाग गडद हिरवा आणि त्यात पांढरा चाँद-तारा. पट्टा नसेल तर तो दर्ग्याचा, उरुसाचा किंवा ईदचा झेंडा. 2019 च्या निवडणुकीत केरळातल्या वायनाडला मुस्लिम लीगचे हिरवे झेंडे दिसले, तर देशभर पाकिस्तानचे म्हणून फोटो फिरले. तो पक्ष रीतसर निवडणुका लढवून खासदार निवडून आणणारा.

काळ्या झेंड्याचं जरा नाजूक आहे. आयसिसच्या झेंड्यावर वर पांढऱ्या अक्षरांत कलम्याची ओळ आणि खाली पांढऱ्या गोलात शिक्क्यासारखी काळी अक्षरं असतात. हा गोल लक्षात ठेव. कारण नुसता कलमा सौदीच्या सरकारी झेंड्यावर आहे, मशिदीत आहे, नमाज पढणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. आणि नुसतं काळं कापड म्हणशील तर मोहरमला ते निघतंच. मराठवाड्यात कितीतरी गावांत सवारीपुढं हिंदूच नाचतात.

लाल झेंड्याला तर बीडमध्ये घाबरायचं कारणच नाही. 1967 साली क्रांतिसिंह नाना पाटलांना आपण कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत पाठवलं, 1977 साली मार्क्सवादी पक्षाच्या गंगाधरअप्पा बुरांडेंना. ऊसतोड कामगार मजुरीच्या दरासाठी लाल बावटा घेऊन बसले तर त्यांना नक्षलवादी ठरवणारा एखादा दीडशहाणा भेटेलच. बंदी आहे ती भाकप (माओवादी) या संघटनेवर, 2009 पासून. सिमीवर 2001 पासून, पीएफआयवर सप्टेंबर 2022 पासून. यूएपीए कायद्याखालच्या बंदीच्या आदेशांत संघटनांची नावं असतात, रंगांची नसतात. भगव्याचंही तेच. तो देवळाच्या कळसावर आहे, पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या दिंडीत आहे. तोच रात्री कुणी मशिदीच्या मिनारावर चढवला, किंवा हिरवा देवळावर, तर त्या क्षणी तुझं काम सुरू.

आपल्या स्वस्तिकालाही परदेशात हा ताप झालाय. नाझींचं चिन्ह लाल कापडावर पांढऱ्या गोलात, काळं आणि तिरकं असतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं 2022 मध्ये ते जाहीरपणे दाखवण्यावर बंदी घातली, तेव्हा हिंदू, बौद्ध, जैनांच्या स्वस्तिकाला कायद्यातच सूट ठेवली. मेलबर्नच्या मराठी माणसाला दारावर स्वस्तिक काढता यावं म्हणून तिथलं सरकार एवढा विचार करतं. आपण शेजारच्या गल्लीतल्या झेंड्याबद्दल निदान चौकशी करावी.

आणि 17 सप्टेंबर 1948 च्या आधी याच मुलखात तिरंगा लावणाराला निजामाचे शिपाई धरून नेत, हे पोलिसांसोबत काम करणाऱ्या माणसानं अधूनमधून आठवावं.

फोन आला की काय करायचं ते सांगतो. स्वतः जा. काठीसकट, आजूबाजूचं घर-ओटा दिसेल असा फोटो काढ, वेळ लिहून ठेव. फोटो ठाण्याच्या साहेबांना पाठव. गावाच्या ग्रुपवर टाकायचा नाही, टाकणाऱ्याला तिथंच थांबव. झेंडा स्वतः उतरवू नको आणि जमावाला तर मुळीच उतरवू देऊ नको, पंचनाम्याआधी हललेला झेंडा कुणी लावला ते मग कधीच कळत नाही. तोवर दोन्हीकडच्या चार जाणत्यांना तिथं आणून उभं कर.

स्टेटसचं प्रकरण याहून जास्त येईल. जून 2023 मध्ये कोल्हापूर पेटलं ते काही पोरांच्या मोबाईलवरच्या स्टेटसवरून. बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेटही बंद करावं लागलं. दहावीतल्या पोरानं कुणा बादशहाचा फोटो लावला किंवा तलवार घेऊन डायलॉग मारला, तर आधी त्याच्या बापाकडं जा, चहा पी, पोराला समोर बसवून बोल. पण स्टेटसमध्ये कुणाचं नाव घेऊन धमकी असेल, तारीख असेल, हत्यार किंवा जिलेटिन असेल, तर बाप ओळखीचा असो की भावकीतला, चहाला थांबायचं नाही. थेट ठाणं. भावकीतला असला की हात जड होतो, मला ठाऊक आहे. तुझ्या ऑर्डरवर सही झाली ती त्यासाठीच.

सणाच्या आधी एकदा दर्ग्याच्या मुजावराकडं आणि गणेश मंडळाच्या पोरांकडं जाऊन ये, यंदा झेंडे कुठं कुठं लागणार ते विचारून वहीत मांड. अक्काला नमस्कार. मानधन कमी आहे म्हणून ती कुरकुरत होती. तुला सांगू नको म्हणाली होती, पण मी सांगितलं.

तुझा
मामा