अतिनील दिव्याखालची फोटोग्राफी: छंद की पोटापाण्याचं काम?

यात्रा-जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात कलावंतांची नावं लोकांना तोंडपाठ. स्टेजवरचा उजेड सांभाळणाऱ्याचं नाव सहसा कुणी विचारत नाही. पण त्या उजेडावरही घरं चालतात. म्हणून जुन्नर-आंबेगावातली एखादी मुलगी मैत्रिणीच्या चेहऱ्यावर फ्लोरोसंट रंग लावून अंधाऱ्या खोलीत फोटो काढत असेल, तर लगेच कॅमेरा काढून घेऊ नका.

त्यात चांगलं भौतिकशास्त्र आहे. हे रंग अतिनील किरण शोषतात आणि डोळ्यांना दिसणारा उजेड बाहेर टाकतात. टिपायचा तो हाच उजेड, म्हणून साधा डिजिटल कॅमेराही पुरतो. दिवा मात्र पारखून घ्यावा. ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त टॉर्च स्वतःच जांभळा उजेड सांडतो. ३६५चा, पुढे काळी फिल्टर काच असलेला घेतला तर रंग उठून दिसतात. दोन दिवे दोन बाजूंनी, चेहऱ्याच्या जवळ. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ ८०० ते १६००, व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवलेला. मागच्या काळ्या पडद्यामुळे कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि रंग पांढरे फटक येतात, म्हणून एक्स्पोजर कमी करावं लागतं. वॉशिंग पावडरने धुतलेला पांढरा सदरा तर असा निळा पेटतो की चेहरा बाजूलाच राहतो!

सुरक्षेत मात्र पालकांनी कडक राहावं. जंतुनाशक यूव्ही-सी दिवा या कामाला कधीही नको. त्याने डोळे आणि कातडी भाजते. ३६५च्या टॉर्चकडेही थेट बघू नये, अतिनील किरण अडवणारा चष्मा घालावा. रंग त्वचेसाठी बनवलेलाच हवा, पोस्टर कलर नाही. तोही आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावा.

आता पैशाचं. नुसत्या चमकत्या चेहऱ्यांवर घर चालेल, असं मी सांगणार नाही. पण अतिनील प्रकाश न्यायवैद्यक तपासात पुरावे शोधायला, त्वचारोगतज्ज्ञाला डाग पाहायला आणि जुन्या चित्रांवरची नंतरची रंगरंगोटी ओळखायलाही लागतो. विज्ञानाची ओढ असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था पाहा. कलेकडे कल असेल तर बारावीनंतर मुंबईच्या जे. जे.मध्ये उपयोजित कला, पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये सिनेमॅटोग्राफी. रंगमंचाचा उजेड शिकायचा तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे.

कर्ज काढून कॅमेरा मात्र घेऊ नका. आधी वर्षभर उसन्या कॅमेऱ्यावर हात बसू द्या. आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण केंद्रात विद्यार्थ्यांचे प्रयोग मांडले जातात. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारून यंदा तिथे फ्लोरोसंट रंगांचाच प्रयोग मांडा.