धुऱ्यावरचे झाड तोडण्यापूर्वी



चांदूर बाजार भागात धुऱ्यावर आंबा, चिंच, जांभूळ नाही असे वावर विरळाच. झाडाच्या सावलीत ऊस दबतो, गाडीला वाट राहत नाही, म्हणून झाड काढायचा विचार होतो. त्यात घरी लग्नकार्य आले की लाकडाचा व्यापारी दारात हजर! "परवानगीचं आम्ही पाहून घेऊ," असे तो म्हणतो. इथेच आपली फसगत होते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे आपल्या वहितीतल्या जमिनीवरील झाडांचा हक्क सामान्यतः खातेदाराचाच. पण झाड आपले असले तरी ते केव्हाही तोडता येते असे नाही. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत 16 जातींची नावे आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यांपैकी कोणतेही झाड खाजगी जमिनीत असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही.

कडुनिंब, बाभूळ, पळस या यादीत नाहीत. तरीही लाकूड गाडीत भरण्याआधी वाहतूक पास लागतो काय, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. तोडीची परवानगी वेगळी, वाहतुकीचा पास वेगळा. झाड नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर शहरी भागासाठी 1975 चा झाडे संरक्षणाचा कायदा निराळा आहे. तेव्हा आधी नगरपरिषदेत चौकशी करावी.

मग करावे काय?

1. अर्ज खातेदाराच्या नावे करावा, सोबत सातबारा जोडावा. अर्ज कोणाकडे द्यायचा ते तहसील कार्यालयात विचारावे.
2. झाड वाळलेले, रोगट किंवा घरावर पडण्याच्या बेतात असेल तर तसे स्पष्ट लिहावे.
3. सामाईक खाते असेल किंवा झाड दोघांच्या धुऱ्यावर असेल तर सर्वांची लेखी संमती घ्यावी. भाऊबंदकीचे निम्मे तंटे इथूनच सुरू होतात.
4. ई-पीक पाहणी करताना बांधावरच्या झाडांचीही नोंद करावी.
5. लेखी परवानगी हाती येईपर्यंत इसार घेऊ नये. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये.

चौकशी निघाली की व्यापारी दिसत नाही, सातबाऱ्यावरचे नाव मात्र दिसते. दंड आणि लाकूड जप्ती या दोन्हींचा घोर खातेदारालाच.

आणि शेवटी एक सांगतो. ऊस वर्ष-दीड वर्षात पुन्हा उभा राहतो. आजोबांनी लावलेला आंबा नातवाच्या हयातीतच तसा होईल. फांद्या छाटून काम भागत असेल तर कुऱ्हाड बुंध्यापर्यंत नेऊ नये, हीच आमची विनंती.