बरणीतला मेघ

प्रश्न : मुलीच्या शालेय प्रकल्पासाठी बरणीत गरम पाणी घालून वर बर्फाची ताटली ठेवली, तरी ढग दिसत नाही. काय चुकते? – एक पालक, सातारा

उत्तर : आपल्या सामग्रीत उणीव आहे ती केवळ धुराची, कारण बाष्प कितीही थंडावले, तरी ज्यांवर ते जलबिंदूरूपाने स्थिरावेल असे सूक्ष्म रजःकण हवेत पुरेसे हजर नसतील, तर ते बहुतांशी काचेलाच बिलगते, ही गोष्ट स्कॉटिश संशोधक जॉन एटकेन यांनी १८८० च्या दशकात प्रयोगाने दाखवून दिली होती. तेव्हा विझवलेल्या काडीचा धूर आत सोडून ताटली तत्काळ ठेवावी व मागे काळ्या कागदाची तजवीज करावी, म्हणजे पांढुरके अभ्र स्पष्ट दिसेल. पाणी उकळते नको, काच तडकते. काडी मात्र आपणच ओढावी.