पुरजळचा मुलगा, हैदराबादचा न्यायाधीश : केशवराव कोरटकर



आपल्या धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी किती मुलं बाहेर पडतात, हे तुम्हाला सांगायला नको. कुणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातं, कुणी पुण्याला शिकायला, तर कुणी उमरग्यावरून जाणारा हायवे धरून थेट हैदराबाद गाठतं. "शिकून मोठा हो" असं आपण त्यांना सांगतो. पण मोठं झाल्यावर, परक्या गावात स्थिरावल्यावर काय करायचं? हे आपण फारसं सांगत नाही. त्यासाठी इतिहासातला एक माणूस मुलांसमोर ठेवावा असं वाटतं. त्यांचं नाव केशवराव कोरटकर.

त्या काळचं चित्र

आधी मुलांना एवढं समजावून द्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 'उस्मानाबाद' हे नावही शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेलं. संस्थानात तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा बोलल्या जात. मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा होते, पण दरबाराची, कोर्टाची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला शिकायचं, तर आधी परकी भाषा शिकावी लागे. शाळाही मोजक्याच. गावातलं पोर शिकणार कसं?

पुरजळ ते हायकोर्ट

केशवरावांचा जन्म १८६७ चा. गाव पुरजळ, वसमतच्या बाजूचं, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं. तिथून ते गुलबर्ग्याला गेले, वकील झाले आणि पुढे राजधानी हैदराबादला जाऊन स्थायिक झाले. वकिलीत त्यांनी मोठं नाव कमावलं आणि शेवटी हैदराबादच्या हायकोर्टात न्यायाधीश झाले.

काही मुलं विचारतील, "सर, हैदराबाद तर त्यांच्याच राज्याची राजधानी. मग ते स्थलांतरित कसे?" प्रश्न बरोबर आहे. त्यांनी राज्याची सीमा ओलांडली नव्हती, पण भाषेची ओलांडली होती. बाजारात तेलुगू, कोर्टात उर्दू आणि घरात मराठी, असं त्यांचं जगणं. आजही अशी उदाहरणं सापडतात. चेन्नईत जन्मलेल्या राजा राजेश्वरी सोळाव्या वर्षी अमेरिकेत गेल्या आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयात न्यायाधीश झाल्या.

खुर्चीपेक्षा मोठं काम

केशवरावांना आज आपण आठवतो ते नुसत्या न्यायाधीशाच्या खुर्चीमुळे नाही. १९०६-०७ च्या सुमारास हैदराबादमध्ये विवेकवर्धिनी पाठशाळा उभी राहिली आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय सुरू झालं. या दोन्हीमागे केशवराव आणि त्यांचे सहकारी होते. आर्य समाज आणि समाजसुधारणा परिषदा यांतही ते पुढे असत.

त्यांनी गुलबर्ग्यालाही शाळा का काढली असेल, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. जिथे आपण स्वतः घडलो, तिथे पुढच्या पोरांची सोय करायची, असा अर्थ मला त्यातून दिसतो. गाव सोडलं तरी गावाचं देणं सुटत नाही.

१९३२ मध्ये केशवराव वारले. पुढे १९४० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ हैदराबादला केशव मेमोरियल ही शाळा निघाली. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार स्वतंत्र भारतात हैदराबाद राज्याचे मंत्री आणि नंतर खासदार झाले. विवेकवर्धिनी तर आजही चालू आहे.

एक अवघड प्रसंग

थोरांच्या गोष्टी सांगताना आपण अवघड भाग गाळतो. इथे तसं करू नका. नोव्हेंबर १९२१ मध्ये याच विवेकवर्धिनीत समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इतर भाषांतली भाषणं लोकांनी ऐकून घेतली. पण आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा सभेत हुर्यो झाली, टिंगल झाली. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी मग आंध्र जनसंघाची स्थापना केली. तेलंगणातल्या पुढच्या मोठ्या चळवळीची ती सुरुवात.

बघा, आपली भाषा जगावी म्हणून आपल्याच लोकांनी कष्टाने शाळा उभारली. त्याच छपराखाली शेजाऱ्याच्या भाषेला हसू आलं. आपल्या वर्गातही कानडी बोलणारं, लमाणी बोलणारं, पारधी वस्तीवरून येणारं लेकरू असतं. त्याच्या तोंडून घरचा शब्द आला की बाकीची पोरं हसतात. त्या क्षणी आपण काय करतो?

आपल्या मातीतला धागा

लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्येच राष्ट्रीय शाळा सुरू झाली. तिथे १९२९ मध्ये एक तरुण शिक्षक आले, व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, म्हणजे तेही बाहेरूनच आलेले. १९३२ मध्ये संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनी केलं. आपल्याकडचे बाहेर जाऊन तिथल्यांचे झाले, तसे बाहेरचे इथे येऊन आपले झाले. मुलांना ही दोन्ही नावं एकत्र सांगा.

वर्गात आणि घरी करण्यासाठी

१. नकाशावर पुरजळ, गुलबर्गा (आताचं कलबुर्गी), हैदराबाद आणि हिप्परगा शोधा.

२. कोर्ट-कचेरीतले उर्दू-फारसीतून आलेले दहा शब्द गोळा करा. वकील, तहसील, दफ्तर यांपासून सुरुवात करा.

३. वर्गात किती घरभाषा आहेत ते मोजा. प्रत्येकीतला 'पाणी' आणि 'आई' यांसाठीचा शब्द फळ्यावर लिहा.

४. पालकांनी घरी विचारावं : "तू बाहेर जाऊन मोठा झालास, तर गावासाठी पहिलं काम कोणतं करशील? आणि ज्या गावात राहशील, त्या गावासाठी कोणतं?"

चौथ्या प्रश्नाचे दोन्ही भाग विचारा. आपण बहुतेक वेळा पहिलाच विचारतो.