नागरी संस्थांचे दायित्व आणि मलनिस्सारण नियोजन : भिलाई शहराचा अभ्यास

महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे येणाऱ्या विषयांमध्ये दोन विषय सहसा चर्चेविनाच मंजूर होतात. एक म्हणजे विम्याचा हप्ता आणि दुसरा म्हणजे गटारांच्या दुरुस्तीचा खर्च. पहिला विषय लेखा विभागाचा आणि दुसरा अभियांत्रिकी विभागाचा, अशी त्यांची विभागणी केली जाते. वस्तुतः हे दोन्ही विषय एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत. नागरी संस्थेच्या कृतीमुळे अथवा निष्क्रियतेमुळे नागरिकाचे नुकसान झाले, तर त्याची जबाबदारी कोणाची आणि ते नुकसान मुळात टाळता आले असते काय, हा तो प्रश्न होय. विमा नुकसानीनंतर पैसा पुरवितो. नियोजन नुकसानच टाळते. स्थानिक स्वराज्य संस्था, नागरी प्रशासन आणि सामाजिक न्याय हे घटक अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा संबंध नीट समजून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी छत्तीसगडमधील भिलाई हे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

भिलाई : एक शहर, दोन व्यवस्था

भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यासोबत सेक्टरवार आखणी केलेली कर्मचारी वसाहतही उभी राहिली. रुंद रस्ते, शाळा, रुग्णालय, नळपाणी आणि भुयारी मलवाहिन्या या सुविधा तेथे आरंभापासूनच नियोजनात होत्या.

कारखान्याच्या आकर्षणाने देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. परंतु कारखान्याची नोकरी आणि वसाहतीतील घर प्रत्येकाला मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे वसाहतीबाहेर सुपेला, खुर्सीपार, कोहका, कॅम्प-१, कॅम्प-२ अशा वस्त्या वाढत गेल्या. वसाहतीत आधी आखणी झाली आणि नंतर माणसे आली; बाहेरच्या वस्त्यांत आधी माणसे आली आणि आखणी मागून करावी लागली. मलनिस्सारणाच्या दृष्टीने हाच भेद निर्णायक ठरतो, कारण मोकळ्या जमिनीत वाहिनी टाकणे सोपे असते. वसलेल्या गल्लीत तीच वाहिनी टाकण्यास खर्च, वेळ आणि लोकांची गैरसोय ही तिन्ही वाढतात.

वसाहतीबाहेरील भागाचा कारभार प्रथम विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे होता. हे प्राधिकरण ‘साडा’ या नावाने ओळखले जात असे. १९९८ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सुमारे सव्वासहा लाख होती. पुढे रिसाली परिसराची स्वतंत्र महानगरपालिका करण्यात आली आणि तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ मध्ये झाली.

घटनात्मक चौकट

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत भाग ९-अ आणि बारावी अनुसूची समाविष्ट केली. या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपविता येतील असे १८ विषय आहेत. पाणीपुरवठा तसेच सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन हे त्यांपैकीच होत. तथापि, हे विषय आपोआप हस्तांतरित होत नाहीत. राज्य विधिमंडळाने कायद्याद्वारे ते सोपवावे लागतात.

अनुच्छेद २४३-थ मधील परंतुक भिलाईच्या संदर्भात महत्त्वाचे आहे. एखाद्या क्षेत्रात औद्योगिक आस्थापनाच नागरी सेवा पुरवीत असेल, तर राज्यपाल त्या क्षेत्रास ‘औद्योगिक नगरी’ म्हणून विनिर्दिष्ट करू शकतात आणि तेथे नगरपालिका स्थापन न करण्याची मुभा मिळते. भिलाईत मात्र महानगरपालिका स्थापन झाली आणि कारखान्याची वसाहत तिच्या हद्दीत आली. परिणामी वसाहतीतील नागरिक नगरसेवक निवडून देतात आणि त्यांच्या अनेक दैनंदिन सेवा मात्र कारखान्याच्या यंत्रणेकडून येतात. मतदान एकीकडे आणि सेवा दुसरीकडे, अशा रचनेत तक्रारीचे उत्तर कोणी द्यावयाचे हे प्रत्येक सेवेबाबत लेखी ठरलेले असणे अगत्याचे असते.

येथे करविषयक एक मुद्दा ध्यानात ठेवावा. अनुच्छेद २८५ नुसार संघराज्याची मालमत्ता राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या करांतून मुक्त आहे. परंतु केंद्र सरकारच्या मालकीची कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. तिची मालमत्ता ही संघराज्याची मालमत्ता ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया प्रकरणी स्पष्ट केले. सार्वजनिक उपक्रम असलेल्या शहरांतील मालमत्ता कराच्या, पर्यायाने मलनिस्सारणाच्या निधीच्या दृष्टीने हा निर्णय मूलभूत आहे.

दायित्व कोठून उद्भवते?

नागरी संस्थेचे दायित्व दोन निर्णयांच्या आधारे समजून घेता येईल. पहिला निर्णय १९६६ चा, दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती. चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, तर त्यातील चुन्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचेच होते. सार्वजनिक रस्त्यालगतच्या वास्तूची नियमित तपासणी करणे हे मालकाचे कर्तव्य असून दोष बाहेरून दिसत नव्हता हा बचाव पुरेसा नाही, असे न्यायालयाने ठरविले. हाच तर्क जमिनीखालील मलवाहिनीलाही लागू करून पाहण्यासारखा आहे. ती दिसत नाही. म्हणूनच तिचे वय आणि तिची अवस्था यांची नोंद ठेवणे अधिक आवश्यक ठरते.

दुसरा निर्णय १९८० चा, रतलाम नगरपरिषद विरुद्ध वर्दीचंद. तत्कालीन मध्य प्रदेशातीलच हे शहर. उघडी गटारे, शौचालयांचा अभाव आणि मद्यनिर्मिती कारखान्याचे सांडपाणी यांमुळे त्रस्त झालेल्या रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली. नगरपरिषदेने निधी नसल्याची सबब पुढे केली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली. सार्वजनिक आरोग्याचे वैधानिक कर्तव्य आर्थिक दुर्बलतेच्या कारणाने टाळता येत नाही, हे या निर्णयाचे सार आहे. कलम १३३ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने घेतली आहे.

दायित्व विमा : उपयोग आणि मर्यादा

दायित्व विमा म्हणजे त्रयस्थ व्यक्तीला झालेल्या इजेबद्दल वा नुकसानीबद्दल विमाधारकावर येणारी कायदेशीर भरपाईची जबाबदारी विमा कंपनीने ठरावीक मर्यादेपर्यंत स्वीकारणे होय. अशा करारात एका अपघातासाठीची मर्यादा आणि संपूर्ण वर्षासाठीची मर्यादा वेगवेगळी नमूद असते. भरपाईचा प्रारंभीचा काही भाग विमाधारकालाच सोसावा लागतो. दंड आणि कायद्याचे हेतुपुरस्सर केलेले उल्लंघन यांना सामान्यतः संरक्षण मिळत नाही. मॅनहोलचे झाकण तुटून पादचारी जखमी झाल्यास विमा उपयोगी पडू शकेल. झाकण नाही हे माहीत असूनही महिनोन्‌महिने ते बसविले नाही, तर मात्र विमा कंपनी प्रश्न उपस्थित करील.

सर्वसाधारण सार्वजनिक दायित्व विमा ऐच्छिक स्वरूपाचा आहे. काही जोखमींसाठी मात्र कायद्याने विमा आवश्यक केला आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ संमत झाला. विनिर्दिष्ट प्रमाणापेक्षा अधिक घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाने विमा उतरविणे त्यानुसार बंधनकारक आहे. दोष सिद्ध न करताही पीडिताला तातडीचे साहाय्य मिळावे, हे या अधिनियमाचे वैशिष्ट्य होय. जलशुद्धीकरणासाठी क्लोरीन वायू मोठ्या प्रमाणात साठविणाऱ्या नागरी संस्थांनी या तरतुदी काळजीपूर्वक तपासाव्यात.

याच अधिनियमाच्या कलम ४ (३) नुसार केंद्र सरकार स्थानिक प्राधिकरणांना आणि सरकारी मालकीच्या कंपन्यांना विम्यातून सूट देऊ शकते. परंतु दायित्व भागविण्यासाठी स्वतंत्र निधी स्थापन केलेला असेल तरच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ मध्येही याच धर्तीची तरतूद आहे. विमा नको असेल तर निधी हवा. दोन्ही नाहीत अशी अवस्था कायद्याला मान्य नाही.

१९९१ च्या अधिनियमाचे संरक्षण कामगारांव्यतिरिक्त अन्य व्यक्तींसाठी आहे, हेही विसरू नये. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात पाण्याचा दाब घटल्याने विषारी वायूची गळती होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. कामावर असताना इजा झालेल्या कामगाराच्या भरपाईचा मार्ग वेगळ्या कायद्यातून जातो. त्यामुळे विम्याचा प्रस्ताव वाचताना ‘कोणासाठी’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

मलनिस्सारण नियोजनाचे गणित

केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार भुयारी मलनिस्सारण असलेल्या शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा गृहीत धरतात. त्यांपैकी सुमारे ८० टक्के पाणी मैलापाणी म्हणून परत येते. मलवाहिन्यांचा आराखडा ३० वर्षांनंतरची लोकसंख्या विचारात घेऊन करतात.

उदाहरणादाखल १०,००० लोकवस्तीचा एक प्रभाग घेऊ. पाण्याची गरज दररोज १३ लाख ५० हजार लिटर. मैलापाणी १० लाख ८० हजार लिटर, म्हणजे सेकंदाला सरासरी १२.५ लिटर. परंतु सकाळच्या वेळी प्रवाह सरासरीच्या कितीतरी अधिक असतो. २०,००० पर्यंतच्या वस्तीसाठी हा गुणक ३ धरतात. म्हणजे वाहिनी सेकंदाला ३७.५ लिटर वाहून नेणारी असावी लागते. सरासरीवर आखलेली वाहिनी रोज सकाळी तुंबेल. तिचा उतारही असा असावा की दिवसातील कमाल प्रवाहाच्या वेळी तरी वेग सेकंदाला ०.६ मीटरपेक्षा कमी राहणार नाही. अन्यथा गाळ तळाशी बसतो आणि वाहिनी हळूहळू बुजते.

हेच प्रमाण २०११ च्या भिलाईच्या लोकसंख्येला लावल्यास दररोज सुमारे ६ कोटी ७५ लाख लिटर मैलापाणी येते. या आकड्यावरून नियोजनाची व्याप्ती ध्यानात यावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत अभियानात निवडलेल्या ५०० शहरांत भिलाईचा समावेश होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. अशा अभियानांतून भांडवली निधी मिळतो. वाहिन्यांची देखभाल आणि शुद्धीकरण केंद्राची वीज यांचा आवर्ती खर्च मात्र नागरी संस्थेलाच भागवावा लागतो.

पर्जन्यजल आणि मैलापाणी यांच्या वाहिन्या स्वतंत्र असाव्यात, हेही नियोजनाचे महत्त्वाचे सूत्र आहे. २०१८ च्या पावसाळ्यात दुर्ग-भिलाई परिसरात डेंग्यूची मोठी साथ येऊन अनेकांचा बळी गेला. डेंग्यूचा डास मुख्यतः साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, गटारातील मैल्यात नव्हे. म्हणून केवळ भुयारी गटारे बांधून डेंग्यू थांबत नाही. पाणी साठू न देणे हा पर्जन्यजल निचऱ्याचा, पाणीपुरवठ्याचा आणि घरोघरच्या दक्षतेचा एकत्रित विषय आहे. साथ मात्र वसाहत आणि वस्ती यांची हद्द पाहत नाही.

गटारात उतरणारा माणूस

सदोष नियोजनाची सर्वाधिक किंमत मोजतो तो तुंबलेल्या वाहिनीत उतरविला जाणारा सफाई कामगार. वाहिनीत साचलेले हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू काही क्षणांत प्राण घेतात. बहुधा हा कामगार ठेकेदाराचा असतो आणि कोणत्याच नोंदवहीत त्याचे नाव नसते. हाताने मैला उचलणारे कामगार म्हणून नेमण्यास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ च्या कलम ७ ने गटारे व सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसे नेमण्यास मनाई केली आहे. सफाईसाठी योग्य तांत्रिक साधने वापरणे हे कलम ३३ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे.

सफाई कर्मचारी आंदोलन प्रकरणी २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंह प्रकरणी ही रक्कम ३० लाख रुपये करण्यात आली. ठेकेदार नेमल्याने नागरी संस्थेची जबाबदारी संपत नाही. आणि कायद्याने निषिद्ध केलेल्या कामातील मृत्यूचा भार विमा उचलील, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. लेखा विभागाचा विषय आणि अभियांत्रिकी विभागाचा विषय एकत्र येतात ते याच ठिकाणी. सेकंदाला ०.६ मीटर हा वेग केवळ तांत्रिक निकष नव्हे. तो राखला गेला तर वाहिनी कमी तुंबते आणि माणूस आत उतरविण्याची वेळ येत नाही.

समारोप

विम्याचा किंवा गटाराचा प्रस्ताव सभेपुढे आल्यास सदस्यांनी पुढील बाबी पाहाव्यात : वाहिन्यांचा नकाशा व वय यांची नोंद आहे काय; हद्दीतील प्रत्येक सेवेची जबाबदारी लेखी निश्चित आहे काय; विम्याच्या अपवादांत कोणत्या जोखमी येतात आणि त्यांसाठी निधी आहे काय; यांत्रिक सफाईची साधने पुरेशी आहेत काय; आणि ठेकेदाराच्या कामगारांची नोंद ठेवली जाते काय. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर विम्याचा हप्ता हा विवेकी खर्च ठरतो. ती नसतील, तर तो केवळ निष्काळजीपणाचा हप्ता ठरेल. भिलाईच्या वसाहतीत जे आरंभीच साधले, ते बाहेरच्या वस्त्यांतही साधणे हेच नागरी लोकशाहीचे खरे काम आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अनुच्छेद २४३-थ मधील औद्योगिक नगरीविषयक तरतूद स्पष्ट करून तिचे लोकशाही विकेंद्रीकरणावरील परिणाम सांगा.

२. ‘निधीचा अभाव हा वैधानिक कर्तव्यातून सुटण्याचा मार्ग नव्हे.’ रतलाम निर्णयाच्या आधारे चर्चा करा.

३. २५,००० लोकवस्तीच्या प्रभागासाठी दैनंदिन मैलापाण्याचे प्रमाण आणि २.५ गुणक धरून कमाल प्रवाह काढा.

४. दायित्व विमा आणि प्रतिबंधात्मक नियोजन हे परस्परपूरक कसे आहेत, ते सफाई कामगारांच्या सुरक्षिततेच्या संदर्भात लिहा.