शेजारी बसून

अमेरिकेतील सिराक्यूज शहरात रूथ कॉल्विन नावाच्या बाई राहत. त्या शिक्षिका नव्हत्या. १९६० च्या जनगणनेवरून त्यांना कळले, की आपल्या शहरात अकरा हजारांहून अधिक प्रौढांना नीट लिहिता-वाचता येत नाही. १९६२ मध्ये त्यांनी घराच्या तळघरात स्वयंसेवकांची संस्था सुरू केली. पुढे परदेशांतून आलेल्यांनाही हे स्वयंसेवक विनामूल्य इंग्रजी शिकवू लागले.

शिकणाऱ्याची भाषा स्वयंसेवकाला येत नसली, तरी अडत नसे. वस्तू दाखवायची, तिचे नाव घ्यायचे आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे. तो थोडे बोलू लागला, की त्याचीच वाक्ये लिहून त्याला वाचायला द्यायची. समजा, एक आई म्हणाली, "माझा मुलगा आजारी आहे." झाला तिचा धडा! उद्या दवाखान्यात तिला हेच सांगायचे असते.

मुलांनो, उर्दू उजवीकडून लिहिणाऱ्या हाताला इंग्रजी डावीकडून लिहिताना कसे अवघडल्यासारखे होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्या वेळी कोणी हसले, की पेन्सिल खाली ठेवावीशी वाटते.

रूथबाई मात्र शंभरी ओलांडल्यावरही शिकवत होत्या. २०२४ मध्ये, वयाच्या १०७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.