घटक ६ : आंतरविद्याशाखीय पदवी : खर्च आणि मोल

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• आंतरविद्याशाखीय अभ्यासाचे स्वरूप सांगता येईल.
• पदवीचे शुल्क आणि पदवीचा खर्च यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या उद्दिष्टाच्या संदर्भात अशा पदवीचे मोल ठरवता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमांतील विषयनिवडीला अधिक वाव मिळाला आहे. मराठीच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय घेऊन त्यांची सांगड घालणे आता अधिक सुलभ झाले आहे. मात्र नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यापुढील प्रश्न व्यावहारिक असतो : अशा पदवीसाठी जे खर्ची पडेल, त्या मानाने हाती काय येईल? प्रस्तुत घटकात या प्रश्नाचा विचार करू.

६.३ विषय विवेचन

६.३.१ स्वरूप

अनेक विषय शेजारीशेजारी शिकणे म्हणजे बहुविद्याशाखीय अभ्यास. एकाच प्रश्नाच्या उकलीसाठी अनेक शाखांच्या अभ्यासपद्धती एकत्र वापरणे म्हणजे आंतरविद्याशाखीय अभ्यास. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा वारीवरील लेख पाहा. त्यात भक्तिपरंपरेची जाण आहे, ललित लेखकाची शैली आहे आणि एकाच दिंडीत जातीनुसार वेगळ्या बसणाऱ्या पंगती टिपणारी समाजशास्त्रज्ञाची नजरही आहे. विषयांची संख्या वाढल्याने ही दृष्टी आपोआप येत नाही, हे लक्षात घ्या.

६.३.२ खर्च

प्रवेशशुल्क हा खर्चाचा केवळ दृश्य भाग होय. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचे अध्ययन मानले जाते. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक धरले, तर एकूण ३,६०० तास, म्हणजे वर्षाला १,२०० तास होतात. रोजचा हिशेब सुमारे सव्वातीन तासांचा. चौथे वर्ष घेतल्यास आणखी ४० श्रेयांक, म्हणजेच १,२०० तास वाढतात.

समजा, शिलाईकाम करणारी एक विद्यार्थिनी तासाला ५० रुपये मिळवते. अभ्यासाच्या वार्षिक तासांपैकी ४०० तास तिला कामातून काढावे लागले, तर वर्षाला २०,००० रुपयांच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागते. ही रक्कम शुल्काच्या पावतीवर दिसत नाही. परंतु घरखर्चात ती जाणवते. अर्थशास्त्रात यास ‘संधित्यागाचा खर्च’ म्हणतात.

६.३.३ मोल

पदवीचे व्यावसायिक मोल तीन कसोट्यांवर तपासावे.

१) सर्वसाधारण पात्रता : महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतील बहुतेक पदांसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी चालते. येथे आंतरविद्याशाखीय पदवी इतर पदव्यांच्या तोलाची ठरते.

२) विषयनिष्ठ पात्रता : शिक्षक वा प्राध्यापक व्हायचे असल्यास विशिष्ट विषयाचा पाया पाहिला जातो. सर्व विषय थोडेथोडे घेतले आणि कोणत्याही विषयाचे पुरेसे श्रेयांक झाले नाहीत, तर पुढील प्रवेशाला अडचण येऊ शकते. म्हणून बी.एड. अथवा एम.ए.च्या प्रवेशाचे नियम पदवीचे विषय निवडण्यापूर्वीच वाचावेत.

३) कौशल्य : अनुवाद, संपादन, पत्रकारिता, संग्रहालये, स्वयंसेवी संस्था या क्षेत्रांत अनेक विषयांची जाण उपयोगी पडते. परंतु तेथे गुणपत्रिकेबरोबरच केलेले काम पाहिले जाते. प्रकाशित लेख, अनुवादाचे नमुने वा क्षेत्रपाहणीचा अहवाल हाताशी नसेल, तर ही जाण सिद्ध करणे कठीण जाते.

६.३.४ एका विषयाचा कणा

दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणितज्ञ. प्राचीन नाण्यांच्या वजनांना त्यांनी संख्याशास्त्रीय पद्धत लावली आणि तेथून ते इतिहासाकडे वळले. इरावती कर्वे यांचाही मानववंशशास्त्राचा पाया पक्का होता. दोघांनीही शाखांच्या सीमा ओलांडल्या, त्या एका शाखेत पाय रोवून. तुमच्याही पदवीला एका विषयाचा कणा असावा. उरलेले विषय त्याला पूरक म्हणून निवडावेत.

६.४ सारांश

आंतरविद्याशाखीय पदवी सरसकट फायद्याची किंवा तोट्याची नसते. पदवीधर एवढीच अट असलेल्या पदासाठी ती पुरेशी आहे. अध्यापनासाठी एका विषयाचे पुरेसे श्रेयांक हवेत. लेखन-संपादनासाठी पदवीसोबत काम दाखवता आले पाहिजे. शिक्षण मध्येच थांबवावे लागण्याची शक्यता असल्यास निर्गमनाची तरतूदही विचारात घ्यावी. नव्या धोरणानुसार पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. आपल्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, याची अभ्यासकेंद्रात चौकशी करावी.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) बहुविद्याशाखीय व आंतरविद्याशाखीय अभ्यासातील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२) तुमच्या पदवीचा एका वर्षाचा खर्च शुल्क, प्रवास, पुस्तके आणि बुडालेली मिळकत या चार रकान्यांत मांडा.
३) पदवीनंतर तुम्हाला करावयाचे एक काम निवडा. वरील तीन कसोट्यांपैकी त्याला कोणती लागू पडते, ते दहा ओळींत लिहा.